नव्वद मीटरवरचा वाडा

रविवारी सकाळी बडोद्यातल्या मामांचा फोन. "अगं, निझामपुऱ्यातला फ्लॅट काढतोय. रावपुऱ्यात वाडा बघितलाय, इसार द्यायच्या आधी तू एकदा नजर टाक." मागोमाग तो मेसेज. महिनाभर दोन ग्रुपवर फिरताना बघून मी सोडून दिला होता. आता घरातलाच माणूस त्याच्या भरवशावर फ्लॅट विकायला निघाल्यावर कसा सोडणार?

मेसेज थोडक्यात असा: हेरिटेज भागात घर घ्या. दुरुस्ती सरकार करून देतं. स्टॅम्प ड्यूटी माफ. हॉटेल काढलं तर अनुदान. आणि घरावर पुरातत्त्वची निळी पाटी नसेल तर पाडून तीन मजले चढवा, कोणी अडवत नाही.

या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. मामांनी बघितलेलं घर तांबेकर वाड्याच्या मागच्या अंगाला आहे. बडोद्याच्या दिवाणांचा तो चार मजली लाकडी वाडा, आतल्या भिंतींवर जुनी चित्रं, आणि केंद्राचं संरक्षित स्मारक. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून चहूबाजूंना १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच. तुमच्या घरावर पाटी आहे की नाही, हा प्रश्नच नाही. शेजारच्याची पाटी तुम्हाला लागते.

"पण चालत पाच मिनिटं लागतात की," मामा म्हणाले. गल्लीबोळातून लागतात. कायदा सरळ रेषेत मोजतो, तेही स्मारकाच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून. मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढली: नव्वद मीटर.

या शंभर मीटरांत १६ जून १९९२च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराला दुरुस्ती-नूतनीकरणाची परवानगी मागता येते, तेवढंच. वर मजला चढवणं किंवा बाजूला खोली काढणं हे कायद्याच्या व्याख्येत बांधकाम. पाडून तेवढंच, त्याच उंचीचं पुन्हा उभारणं म्हणजे पुनर्बांधणी, आणि ती दुरुस्तीत धरत नाहीत. तिच्यासाठी अर्ज पुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातल्यांनी करायचा. तरीही रेटून बांधलं तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलाल म्हणाला, "परवानगी मिळून जाते, बेन." लिहून देता का, विचारलं. त्याने चहा मागवला.

दुरुस्ती सरकार करतं म्हणे! पुरातत्त्व खातं सांभाळतं ते स्मारक. तुमचा वाडा तुम्हीच सांभाळायचा. आम्ही आत गेलो. सागवानी खांब वरून तुळतुळीत, पण जोत्यापाशी स्कूटरची चावी टेकवली तर अर्धा इंच आत गेली. चुन्याच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा थापलाय, त्यामुळे ओल आत कोंडून राहिलीय आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं काळी पडलीत. आता चुन्यात काम करणारा गवंडी शोधा.

स्टॅम्प ड्यूटी गुजरातेत ४.९ टक्के. वाडा जुना म्हणून त्यातला एक पैसा सुटत नाही. खरेदी बाईच्या नावावर केली तर १ टक्का नोंदणी फी वाचते, पण ती फ्लॅट घेतानाही वाचते.

हॉटेलचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. राज्याच्या २०२०-२५च्या हेरिटेज पर्यटन धोरणात १ जानेवारी १९५०च्या आधीच्या वास्तूंत हॉटेल, संग्रहालय, रेस्टॉरंट काढणाऱ्यांना मदतीची तरतूद होती. म्हणजे धंदा करणाऱ्यांना. मामांना तिथे राहायचंय, आणि त्यांचे गुडघे बघता तो उभा जिना दिवसातून एकदा चढले तरी खूप.

जे खरं विचारायचं ते मेसेजमध्ये नाहीच. प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं आहेत. त्यातल्या लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सह्या कोण आणणार? तळमजल्यावर शिंपीकाका वडिलांच्या वेळेपासून भाडेकरू. १९४७च्या भाडेकायद्याचं संरक्षण असलेला माणूस घर विकलं म्हणून उठत नाही. आणि तो भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे तणावाच्या भागांतल्या घरविक्रीवर बंधन घालणाऱ्या गुजरातच्या कायद्यात, येत असेल तर कलेक्टरची आधी परवानगी नसताना केलेला दस्तऐवज रद्दबातल.

मामांनी इसार थांबवलाय. मेसेज मात्र सकाळीच चार ग्रुपवर पाठवून झाला होता.