नववा घोडा

निसर्ग नुसता बघायची सोय जगात कुठेच उरलेली नाही. महाबळेश्वरला हत्तीचं डोकं दिसलंच पाहिजे, खंडाळ्याला नागफणी दिसलीच पाहिजे. ‘हो हो, दिसली’ म्हटल्याशिवाय टॅक्सीवाला पुढच्या पॉइंटकडे हलत नाही. चीनमध्ये तरी हा जाच नसेल अशी आशा होती. ती गुइलिनहून यांगश्वोला जाणाऱ्या बोटीत गाइडबाईंनी माइक हातात घेईपर्यंत टिकली.

ली नदीतला हा प्रवास चांगला चार तासांचा. दोन्ही काठांना चुनखडीचे सुळके, एकामागे एक, शेवटचे धुक्यात पुसट झालेले. पावसाच्या पाण्यानं लाखो वर्षं चुनखडी विरघळवून नेली आणि जे वाहून जायचं राहिलं, ते बघायला आता जग लोटतं. 2014 साली युनेस्कोनंही या डोंगरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. काठावर बांबूची बेटं आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. म्हशी म्हशींसारख्याच दिसत होत्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कारण बाकी काहीच जसं आहे तसं दिसायला परवानगी नव्हती. गाइडबाई इंग्रजीतून बोट दाखवायच्या, आमचा टूर मॅनेजर मराठीतून दाखवायचा आणि आमची सौ. कोपरानं ढोसून दाखवायची. अशात जिउमा हुआशान आला. नऊ घोड्यांचा कडा. नदीतून सरळ वर गेलेली भलीमोठी भिंत, तिच्यावर पांढरे, पिवळे, काळपट पट्टे आणि त्या पट्ट्यांत म्हणे नऊ घोडे. जुनी समजूत अशी, की सात घोडे दिसले तर राजदरबारच्या परीक्षेत दुसरा नंबर आणि नऊ दिसले तर पहिला. ती परीक्षा 1905 साली बंद झाली. टेन्शन मात्र अजून चालू आहे.

सगळी बोट डेकवर. चाऊ एन-लाय यांना म्हणे नऊच्या नऊ दिसले होते, ही माहिती गाइडबाईंनी अशा आवाजात दिली, की आता आपल्यालाही पंतप्रधानांच्या तोडीचं काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

“अहो, तो पांढरा नाही का, मान खाली घातलेला!”

“कुठे?”

“त्या काळ्याच्या शेपटीच्या वर.”

“काळा कुठे?”

“पांढऱ्याच्या खाली! काय बाई माणूस आहे!”

शेजारच्या सहा वर्षांच्या पोरानं तोंडातला वेफर न काढता नऊ मोजले आणि दहावा बाकी ठेवला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी बोटांवर “चार इकडे, तीन तिकडे, दोन वरती” असा हिशेब करून ‘टॅली झालं’ म्हणून जाहीर केलं. मला एक दिसला. तोही नीट बघितल्यावर गाढव वाटला. तेवढ्यात बोटीनं वळण घेतलं. बोट कुणाच्या घोड्यांसाठी थांबत नाही.

जेवताना अपेक्षेप्रमाणे विषय निघालाच. मी “सहा” म्हणालो. हा आकडा विचार करून निवडलेला होता. सातच्या वर गेलं की लोक पुरावा मागतात, चारच्या खाली आलं की चष्म्याचा नंबर विचारतात.

यांगश्वो गाव सुंदर आहे. मुख्य रस्त्यावर संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसते आणि दर दुसऱ्या हॉटेलाबाहेर बिअरमध्ये शिजवलेल्या माशाची पाटी. गावाबाहेर एक चंद्राचा डोंगर आहे. त्याला आरपार गोल भोक आहे आणि रस्त्यावरून पुढे सरकत गेलं की पौर्णिमेपासून कोरेपर्यंत सगळ्या तिथी दिसतात. हा मला एका झटक्यात दिसला! पण लगेच दिसतो म्हणून आमच्या ग्रुपला त्यात राम वाटला नाही. नदीकाठी एक म्हातारबुवा बांबूच्या काठीवर दोन पाणकावळे घेऊन उभे होते. पूर्वी हे पक्षी मालकासाठी मासे धरायचे, आता फोटोसाठी उभे राहतात आणि मालक पैसे धरतो. पक्षी बाकी कंटाळल्यासारखे दिसले. त्यांनाही रोज तेच डोंगर.

दुसऱ्या दिवशी शिंगपिंग. वीस युआनच्या नोटेमागे जे दृश्य छापलंय, ते इथलं. नोट समोर धरायची, नोटेतले डोंगर खऱ्या डोंगरांशी जुळवायचे आणि फोटो काढायचा, असा इथला विधी. लांबच्या लांब रांग. पंचाईत एकच: चीनमध्ये हल्ली भाजीवालीसुद्धा मोबाइलवर कोड स्कॅन करून पैसे घेते, त्यामुळे अख्ख्या ग्रुपमध्ये नोट निघाली एक, काकांकडे. बँकेतला माणूस, रोकड बाळगून होता.

नोट हातोहात फिरू लागली. कुणी उलटी धरली, कुणी माओंची बाजू नदीकडे केली. सौ.नं डोंगर तंतोतंत जुळेपर्यंत माझ्याकडून चौदा फोटो काढून घेतले. माझी पाळी आली तेव्हा नोट काकांकडे परत गेलेली होती आणि काका शेजारच्या टोपलीवालीशी घासाघीस करत होते. माझं “काका, एक मिनिट” तोंडातून निघेपर्यंत नोट तिच्या कमरेच्या पिशवीत गेली होती.

माझा फोटो पपनसाबरोबर आहे. डोंगर बरेचसे जुळलेत.