प्लास्टिक स्वस्तात कसं पाडून घ्यावं

प्लास्टिकच्या नावानं खडे फोडणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. त्यांच्या घरीही पाणी पीव्हीसीच्या पाइपातूनच येतं, आणि दवाखान्यात आडवं पडल्यावर सलाईनही प्लास्टिकच्याच बाटलीतून चढतं. अथणी-रायबागकडच्या उसात ठिबकच्या काळ्या नळ्या पसरल्या नसत्या, तर पाण्याची किती नासाडी झाली असती बघा. काचेच्या बाटल्यांतून दूध घरोघरी द्यायचं म्हटलं तर गाडीत दुधाच्या जोडीला काचेचंही बरंच वजन व्हायचं, आणि त्या डिझेलचे पैसे आपणच भरायचे. तेव्हा फायदा खरा आहे. तो पदरात पाडून घ्यायची रीत तेवढी ठाऊक पाहिजे. फायदा आपल्या खिशात ठेवायचा आणि खर्च उताराच्या बाजूला सोडून द्यायचा.

सुरुवात आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारातून करा. बाजाराला जाताना हात हलवत जायचं. कापडी पिशव्या घरात दारामागच्या खिळ्यालाच शोभतात. पतसंस्थेच्या वार्षिक सभेतली एक, लग्नात मिळालेल्या चार, दुकानाच्या उद्घाटनाची एक. एवढ्या जमवा की कुठलीच झिजायला नको. कापसालाही पाणी, खत, औषध लागतं, म्हणून कापडी पिशवी शंभरेक वेळा वापरली तरच निसर्गाला परवडते, असं जाणकार सांगतात. आपण ती खिळ्याला लावून दोन्हीकडून नुकसान करू शकतो, ही सोय फार थोड्या वस्तूंत असते.

भाजीवाल्याला म्हणा, "कॅरीबॅग द्या की ओ." तो आधी इकडंतिकडं बघेल. मग बुडाखालच्या पोत्यात हात घालून जुडग्यातली एक ओढेल, तोंड सुटत नाही म्हणून बोटाला थुंकी लावून चोळेल, फुंकर मारून फुगवेल आणि कोथिंबीर आत सोडेल. थुंकीचे वेगळे पैसे लावत नाही. मिरच्यांना दुसरी मागा, लिंबांना तिसरी, आणि तिन्ही मावतील अशी एक मोठी. "वैनी, दंड पडतोय हो," असं म्हणाला तर शेजारच्या गाड्याकडं वळायचं नुसतं नाटक करा. लगेच मिळते.

बंदीला भिऊ नका. कर्नाटकानं मार्च 2016 मध्ये कॅरीबॅग बंद केल्या, कितीही जाड असल्या तरी. महाराष्ट्राला ते 2018 मध्ये सुचलं. मधली दोन वर्षं दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं जो गुन्हा होता, तो पलीकडं, पिशवी जरा जाड असली की, गिऱ्हाइकाची सोय होती. मग 1 जुलै 2022 पासून केंद्रानं चमचे, स्ट्रॉ, ताटल्या, पेले बंद केले आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवसापासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही. एवढ्या बंद्या पचवून पिशवी ठणठणीत आहे. सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पिशवीनं तो केव्हाच निकालात काढला. तिला कोल्हापूरही आपलं आणि हुबळीही आपली.

फलकावर कुठली भाषा मोठी, यावरून आपण हमरीतुमरीवर येतो. येत राहूच. पण कन्नड शुभेच्छा आणि मराठी शुभेच्छा एकाच पीव्हीसीच्या फ्लेक्सवर छापल्या जातात आणि 2016 च्या त्याच बंदीत बसतात, एवढा एकोपा दुसरीकडं दाखवा बरं. वाढदिवस उरकला की साहेबांचा हसरा चेहरा गोठ्याच्या पत्र्यावर टाकावा. गळती थांबते.

रोजच्या सवयीतही लक्ष घाला. दुधाची पिशवी कापताना कोपरा पिशवीला लोंबकळत ठेवायचा नाही, साफ तोडायचा. उरलेली पिशवी कदाचित भंगारात जाईल. नखाएवढा तो तिकोनी तुकडा मात्र कुणीच उचलत नाही. तो मोरीतून थेट मोकळा होतो.

कुणी टोकलंच तर "रीसायकल होतं की" म्हणा. हे वाक्य पिशवीपेक्षा टिकाऊ आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के रीसायकल होतो, ही बाब मात्र चर्चेत आणू नका. कचरा वेचणाऱ्या बाईला ते अहवालाशिवाय कळतं. ती पाण्याची बाटली उचलते, कारण तिला भंगारात भाव आहे. चिप्सच्या चकचकीत पाकिटाकडं ढुंकूनही बघत नाही, कारण त्यात प्लास्टिकला अॅल्युमिनियमचा थर डकवलेला असतो आणि तो सोडवण्यापेक्षा नवं पाकीट स्वस्त पडतं. पातळ पिशव्या तर किलोभर व्हायला शेकड्यांनी वेचाव्या लागतात. कंबर मोडून तेवढं वाकणं तिला परवडत नाही.

पुण्यही गाठीला बांधता येतं. रात्रीचा उरलेला भात पिशवीत घालून घट्ट गाठ मारा आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गाईसाठी ठेवा. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात पचत नाही आणि बाहेरही पडत नाही, साठत जाते. गाय चारा खायची कमी होते. मेल्यावर हळहळायला आपण आहोतच. थंडीत बंब पेटवायलाही पिशव्या, तुटके पाइप चालतात. पीव्हीसी जळलं की डायऑक्सिन नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, पण धूर शेजाऱ्याकडं गेला की तो त्याचा विषय.

एवढ्यातूनही उरेल ते गटारात सोडा. गटारातून बळ्ळारी नाल्यात जातं. पावसाळ्यात नाला तुंबून शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो, रोप लावणी पाण्याखाली जाते आणि पाणी उतरलं की बांधाबांधाला आपल्याच पिशव्या, बाटल्या अडकलेल्या सापडतात. शेतकरी त्या वेचतो, कुजलेलं रोप उपटतो आणि जमलं तर दुबार लावणी करतो. त्याची मजुरी आपल्या चार पिशव्यांच्या किमतीत धरलेली नसते, म्हणून तर त्या फुकट मिळतात.

सुगीनंतर तोच माणूस तांदूळ घेऊन दारात येईल. "यंदा बासमती एवढा महाग कशानं ओ, मामा?" म्हणून त्याला खडसावून विचारा. किलोमागं दोन रुपये तरी तोडल्याशिवाय सोडू नका.