आमच्याकडे राजा अडीच घरं जातो

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेशनी सिंगापूरला डिंग लिरेनला हरवलं, अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, आणि त्याचा भुर्दंड इथे इंदूरला, रामबागेत, मला पडला. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन पट मागवला. तो पुढे कित्येक महिने माळ्यावरच होता, पण जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला फायनलमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली मग आईच पेटली. "देशमुखांची मुलगी करू शकते तर आपल्या चिमीला काय धाड भरलीये, तू शिकव तिला." घरात बुद्धिबळ येणारा मी एकटाच, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता, माझाही.

शिकायची होती चिमी, म्हणजे पुतणी, वय वर्षं आठ. पण रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर पट मांडला तर दादा, वहिनी, आई सगळेच बसले. एक प्यादं माळ्यावरच हरवलं होतं, त्याच्या जागी शेंगदाणा ठेवला, तो दादानं पहिल्या पाच मिनिटांतच खाल्ला आणि वर म्हणतो, "तूच म्हणालास ना प्यादं खाता येतं."

वहिनी प्रत्येक चालीला "आता काय करू?" विचारते, आणि सांगितलं की बरोबर त्याच्या उलट करते. दादा चाल करतो, मोबाईल बघतो, परत येऊन म्हणतो मी ही चाल केलीच नव्हती. आणि आई वजीर हलवतच नाही. सगळ्यात जोरदार सोंगटी म्हटल्यावर तिनं तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखा जपून ठेवला, बाजूनं हत्ती गेले, उंट गेले, घोडे गेले, वजीर जागचा हलला नाही. तरी ती दादाला हरवत आणत होती (दादाबद्दल काय ते समजा), प्यादं शेवटच्या घरात नेऊन दुसरा वजीर केला, दादाकडे नुसता राजा, आणि मग तिनं अशी चाल केली की त्या राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही. मी म्हटलं, बरोबरी.

"बरोबरी कशी? त्याला हलता येत नाही, माझे दोन वजीर, आणि बरोबरी?"

"आई, नियम आहे."

"हा तू आत्ता केलास."

आता खरी अडचण इथे आहे. बाहेरच्याला शिकवताना नियम हा नियम असतो, घरच्यांना शिकवताना जो नियम त्यांना लागतो तो मी आत्ता केलेला असतो. मी म्हटलं अगं माझे नाहीत, फिडेचे नियम आहेत (फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना). तर आई म्हणे, "फिडे? म्हणजे कुठले, रत्नागिरीचे का?"

सगळ्यात वाईट गेला तो आँ पासाँ या फ्रेंच नावाचा नियम. समोरचं प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं येऊन आपल्या प्याद्याच्या शेजारी थांबलं, तर ते एकच घर आलंय असं धरून तिरकं मारायचं, तेही लगेच, पुढच्या चालीला मारता येत नाही. हे मी चिमीचं प्यादं मारून दाखवलं. चिमी एवढंच बोलली, "काका, चीटिंग." वहिनी म्हणाली जाऊ द्या ना भावजी, लहान आहे ती. प्यादं परत ठेवावं लागलं.

त्यात ग्वाल्हेरहून आत्या आली. तिथल्या लष्कर भागात वाढलेली, वडिलांशी रोज खेळायची, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. पटाकडे बघून म्हणाली, "प्यादं दोन घरं कधीपासून चालायला लागलं रे?" देशी डावात प्यादं एकच घर जातं, शेवटी पोचलं की ज्या सोंगटीचं ते घर तीच होतं, उगाच दरवेळी वजीर नाही, आणि राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं जाता येतं, तोवर शह लागलेला नसेल तर. "एकच घर चालवा, म्हणजे ती तुझी फ्रेंच भानगडच नको," म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही कारण ते बरोबरच आहे, दोन घरांची उडी नसेल तर आँ पासाँ उरतच नाही.

म्हणून मी सुलतान खानची गोष्ट काढली. पंजाबचा माणूस, असाच देशी नियमांत तयार झालेला, मग विलायती नियम शिकला, आणि १९२९ मध्ये इंग्लंडात जाऊन ब्रिटिश चॅम्पियनशिप मारली, परत १९३२ आणि १९३३ मध्येही. मतलब एवढाच की आत्या, तू पण नवे नियम शिक. आत्यानं मतलब काढला की देशीवाला इंग्रजांना हरवतो. आई म्हणाली, बघ!

मग आत्याचा आणि माझा डाव लागला, तिच्याच नियमांनी, कारण ती पाहुणी. मला वाटलं प्यादी हळू तर हळू, वेळ लागेल एवढंच, पण तिनं माझा एकेक मोहरा असा आरामात, सुपारी कातरत कातरत उचलला की दादानं मोबाईल खाली ठेवला. तरी शेवटी मी तिच्या राजाला हत्तीनं कोपऱ्यात धरलं, शह दिला, पुढे मातच होती. आत्यानं शांतपणे राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला.

"आत्याआजी, नाही चालणार," चिमी म्हणाली. "मघाशी काकांच्या उंटानं शह दिला होता ना, मग उडी गेली."

आत्या एवढी खूश झाली की डाव तिथेच सोडून दिला आणि चिमीला जवळ ओढून म्हणाली, "हिला येतं रे. तू कशाला शिकवत बसलायस?"

चिमीनं लगेच सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या, एका घरात नवा शेंगदाणा ठेवला, आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही बघत बसा. काही अडलं तर विचारा."