सरासरी एफपीएसवर कार्डाची लायकी ठरत नाही

किंमत भागिले सरासरी एफपीएस (गेममध्ये एका सेकंदात दिसणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं), या हिशोबाने तुमच्या लेखात ग्राफिक्स कार्डांची क्रमवारी लावली आहे. मला ती अजिबात पटली नाही. एका सेकंदात ५९ फ्रेम्स प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या एकीनेच ११५ घेतले, तरी सरासरी ६० भरते. कॅमेरा फिरवताना मात्र तो झटका स्पष्ट जाणवतो.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० टीआय कार्डाचंच घ्या. २०२३ मध्ये ८ जीबी मेमरीचं कार्ड ३९९ डॉलरला आलं, १६ जीबीचं ४९९ ला. चिप तीच, १२८ बिटची बसही (चिप आणि मेमरीमधला मार्ग) तीच, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये सरासरीही जवळपास सारखी. या गणिताने स्वस्तातलं कार्डच जिंकणार! पण टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) ८ जीबीत मावेनासे झाले की डेटा पीसीआयईवरून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गावरून, सिस्टिम रॅमकडे ये-जा करू लागतो आणि गेम अडखळतो. या कार्डाला त्या मार्गाच्या आठच लेन आहेत, त्यात मदरबोर्ड जुना, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० वाला असेल तर हाल विचारू नका. काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप धूसर टेक्स्चर दाखवतात. ते तर कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

फ्रेम जनरेशनचे (खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कार्डाने स्वतः तयार केलेल्या फ्रेम्स घालण्याचे) आकडेही कृपया या तुलनेत मिसळू नका. त्याने चित्र सफाईदार दिसतं, पण माऊसचा प्रतिसाद मूळ फ्रेमरेटच्याच चालीने येतो, किंबहुना किंचित उशिराच.

शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होताना येणारे झटके वेगळे. ते महागड्या कार्डावरही येतात, त्याचा दोष कार्डाला नको.

पुढच्या तुलनेत एक टक्का लो (सर्वात संथ एक टक्का फ्रेम्सचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख जरूर द्या.