इंजिनात दम असला म्हणून टोचन होत नाही: जुन्या पिकअपबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

इंदूरच्या मराठी गाडीवाल्यांमध्ये सध्या एक निरोप फिरतो आहे. त्याचा मतलब एवढाच: जुनी टाटा २०७ पिकअप घ्या, इंजिन बोअर करून घ्या (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे मोठे), पंपाचं डिझेल वाढवा, थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) काढून टाका, मागच्या स्प्रिंगला दोन पाटे चढवा, चेसिसला हुक वेल्ड करा. दीड लाखात तीन टन ओढणारी टोचन गाडी, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी गाडी, तयार! शेवटी लिहिलंय, ‘इंजिनात दम असला की बाकी सगळं निभतं.’ सगळ्यात घातक ओळ हीच आहे, कारण बाकीच्या सूचना तिच्यातूनच निघाल्या आहेत. त्यामुळे आधी तिचाच हिशेब करू.

पिकअप, तिच्यावरची फ्रेम आणि दोन माणसं मिळून समजा १८०० किलो, मागे ३००० किलोची गाडी, एकूण ४८०० किलो. चढ शेकडा ६ चा धरा. वेग ताशी २५ किमी ठेवला तर चाकांवर साधारण २३ किलोवॉट लागतात. गिअरबॉक्स आणि एक्सलमधली गळती धरली तरी इंजिनाला ३७-३८ अश्वशक्ती पुरते. एवढी ताकद धड अवस्थेतल्या २०७ च्या इंजिनात मुळातच आहे. घाई नसेल तर खालचा गिअर टाकून गाडी चढते.

आता तोच रस्ता उतरा. मानपूरच्या पुढे धामनोदकडे उतरताना गणपती घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांनी किती जीव घेतलेत, हे एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. तेवढ्याच उतारावर ताशी ४० किमीने, गिअर न लावता, नुसत्या ब्रेकवर हे वजन धरलं तर ब्रेकमध्ये सतत २५ किलोवॉट उष्णता जाते. म्हणजे एक किलोवॉटच्या पंचवीस शेगड्या, चार चाकांत वाटलेल्या. डॉट ३ ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं. वर्ष-दोन वर्षांत ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हा आकडा १४० च्या आसपास येतो. एकदा वाफ झाली की पेडल तळाला जातं. म्हणून जुन्या पिकअपवर पहिला खर्च इंजिनावर नाही, ब्रेकवर करा: मास्टर सिलिंडर, चारही होज पाइप, मागचे व्हील सिलिंडर, ड्रमची मापं, नवं डॉट ४ ऑइल. आणि व्हॅक्यूम पंप विसरू नका. ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर त्याच्याच जोरावर चालतो. बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला असतो आणि झिजला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा पेडल मऊ लागलं पाहिजे. पहिल्याच दाबाला दगड झालं तर पंप, होज किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गळतंय.

‘इंजिन बोअर केलं की ताकद वाढते.’ नाही वाढत. २०७ डीआयच्या इंजिनाचा बोअर ९७ मिमी, स्ट्रोक १०० मिमी, चार सिलिंडर मिळून २९५६ सीसी. बोअर अर्धा मिमी वाढवला तर सीसी जेमतेम एक टक्का वाढते. बोअरिंगने झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ होतो, गेलेलं कॉम्प्रेशन परत येतं, बस. टोचनच्या गाडीत खरं मरण क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, होतं. ग्राइंडिंग करताना जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोपऱ्यातली गोलाई खराद मिस्त्रीने तशीच राखली नाही, कोपरा चौकोनी करून ठेवला, की पुढे भाराखाली क्रँकला तडा तिथूनच जातो. क्रँक हातात आला की कोपऱ्यावर नख फिरवून पाहा. धार लागली तर परत करा. हेड फेसिंग केलं असेल तर व्हॉल्व किती आत बसलेत आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टोक किती बाहेर आलंय हे मोजूनच हेड बसवा. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजा आणि त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडा. ‘जे दुकानात मिळालं ते’ लावलं की कॉम्प्रेशन तरी जातं, नाहीतर व्हॉल्व पिस्टनला लागतात.

‘पंपाचं डिझेल वाढवा.’ हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे काळा धूर. सपाट रस्त्यावर थोडा वेळ काही बिघडत नाही. घाटात दहा मिनिटं पूर्ण भारावर हेच चाललं की धुराड्यातलं तापमान चढत जातं, पिस्टनचा माथा वितळतो, हेडला दोन व्हॉल्वच्या मध्ये तडा जातो. टर्बो असेल तर तोही जातो. पंप टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या आकड्यावर आणा, नोझलचा प्रेशर आणि फवारा तपासून घ्या. ओढ कमी वाटत असेल तर मागच्या क्राऊन-पिनियनचे (एक्सलमधली, चाकांना फिरवणारी गिअरची जोडी) दात मोजा. ९-४१ च्या जागी ८-४१ बसवला तर त्याच इंजिनावर चाकाशी ओढ साडेबारा टक्के वाढते आणि इंजिनाला त्रास होत नाही. वरचा वेग घटतो, पण टोचनला वेग लागतो कशाला?

‘थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं.’ बायपास, म्हणजे पाण्याला रेडिएटर टाळून जाण्याची वाट, असलेल्या इंजिनात नेमकं उलट होतं. थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच जातो आणि भाराखाली काटा वर सरकतो. रेडिएटरची कोर उघडून साफ करा, फॅनचा बेल्ट आणि टोपीची स्प्रिंग बघा. ०.९ बारची टोपी नीट बसली तर साधं पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही.

‘मागे दोन पाटे चढवा.’ पाट्याने फक्त गाडीचं बसणं कमी होतं. एक्सल शाफ्ट, हबचं बेअरिंग, टायर यांची ताकद होती तेवढीच राहते. त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व असतो. त्याची सळई एक्सलला जोडलेली असते आणि चेसिस किती खाली बसली त्यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढवले की चेसिस खाली बसतच नाही, व्हॉल्व गाडी रिकामी समजतो आणि ऐन भारात मागचे ब्रेक ढिले ठेवतो. पाटे वाढवायचेच असतील तर त्या सळईची सेटिंग नव्याने करून घ्या, आणि पहिल्या ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

आता हुक. बंद पडलेली गाडी पुढून उचलून नेताना तिचं पुढचं वजन, समजा ५०० किलो, मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे लटकतं. व्हीलबेस ३ मीटरचा असेल तर मागच्या एक्सलवर ५०० नाही, ७०० किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरून २०० किलो उठतात. स्टिअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. म्हणून हुक एक्सलच्या जितका जवळ बसवता येईल तितका बरा. तीन टनाची गाडी अशी उचलून न्यायची म्हणजे हेच आकडे तिपटीच्या आसपास जातात. ते पिकअपचं कामच नाही.

चेसिसवर आडवं वेल्डिंग करू नका, विशेषतः वरच्या-खालच्या पट्टीवर. वेल्डच्या कडेला पोलाद कडक होतं आणि तडा तिथून सुरू होतो. जाड प्लेट चेसिसच्या उभ्या बाजूला लावा आणि ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने आवळा. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर आत नळीचा स्पेसर घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा दबतो. आरसीवर नोंदलेल्या रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. आधी आरटीओत विचारा, मग ड्रिल हातात घ्या.

दोराने ओढणं उतारावर कटाक्षाने टाळा. दोर ओढतो, रोखत नाही. मागच्या गाडीचं इंजिन बंद असलं की तिचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि ती तुमच्या पाठीत येते. टोइंग बार वापरा, सोबत दोन साखळ्या आडव्या फुलीत बांधा. ऑटोमॅटिक गाडीची चालती चाकं, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं ती, जमिनीवर ठेवून ओढू नका.

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिले ५०० किमी टोचन नको. आयडलवर तासन्‌तास सोडणंही नको, त्याने सिलिंडर चकचकीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. मध्यम भारावर चालवा, मग ऑइल-फिल्टर बदला आणि टॅपेट (व्हॉल्वची फट) पुन्हा तपासा. पहिली चाचणी टनभराच्या गाडीने, साध्या उतारावर, ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरून करा. खाली थांबल्यावर चारही चाकांच्या ड्रम-डिस्कजवळ हात न लावता उष्णता बघा. एकाच एक्सलवरचं एक चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय, आणि एक गार असेल तर तिथला व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर जाम आहे.