पास नाही बे, तिकीट काढ

आज विजापूर रोडच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. हातात जेवणाचं ताट, तेवढ्यात मावसभाऊ खेटून म्हणतो, "काय बे, पिच्चर लागलाय म्हणं तुझा. पाच पास दे की." वर आणि, "तुला काय, पैसे लावले की झालास प्रोड्यूसर!"

तिथं हसलो. घरी आल्यापासून डोकं तापलंय.

पैसे लावले की झालं? मोहोळजवळ शूटिंगच्या चौथ्या रात्री जेवणवाला अडून बसला. डबेच नाहीत. सत्तर माणसं. डायरेक्टर शॉटमध्ये, कॅमेरामन लाइटमध्ये, भूक दिसत होती ती फक्त मला. मोटरसायकल काढली, सोलापुरात येऊन एका मावशींचं दार वाजवलं आणि पोतंभर कडक भाकरी नि शेंगाचटणी टाकीवर ठेवून रात्री एकला परत.

जेवणवाल्याचंही चूक नव्हतं म्हणा, मागचं बिल थकलं होतं. का थकलं? आधीच्या मालिकेचे पैसे यायचे होते. एपिसोड आज दिसतो, चॅनल पैसे देणार नव्वद दिवसांनी. नटाला, स्पॉटदादाला तेवढे दिवस कोण सांभाळतं? आणि मालिका गाजली तरी हक्क चॅनलचे!

बरं, सिनेमात एक बैल दिसला तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, ऑफिस हरियाणात. ती नाही तर सेन्सॉर अडतं. हे बघायला हिरो जात नाही.

1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी अख्ख्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करायच्या. दागिनेही त्यांचेच गेले. त्या रात्री भाकऱ्या वाटताना मला दादासाहेब नाही, त्या आठवल्या.

हो, काळ्याचं पांढरं करायला आलेले, हिरॉईनसोबत फोटो काढायला आलेले प्रोड्यूसरही असतात. आहेत. पुढं.

'सैराट' आला तेव्हा नागराज मंजुळे जेऊरचे, आपल्या जिल्ह्याचे, म्हणून आपण सगळ्यांनी छाती फुगवली. मीही. पण घरातल्या माणसाचा पिच्चर लागला की पास पाहिजे, नाहीतर मोबाईलवर लिंक. तिकिटातनं कर जातो, थिएटरचा वाटा जातो, उरलं ते कर्जाला. त्यातही तुझी पाच सीटं फुकट?

जाऊ दे. परवा सहाच्या शोला बाहेर उभा होतो. रिक्षातून भाकरीवाल्या मावशी उतरल्या, सोबत तिघी जणी. खिडकीवर जाऊन चार तिकिटं काढली. मी पळत गेलो, म्हटलं मावशी, फोन करायचा की, पास दिले असते.

म्हणाल्या, "त्या रात्री तू भाकरी फुकट नेल्तास का?"

मला काही बोलताच आलं नाही. अजूनही येत नाही.

भावा, वाचत असशील तर गुरुवारपर्यंतच आहे. शुक्रवारी तिथं दुसरा पिच्चर लागतोय.