फ्लामेलच्या घराचं फॉरवर्ड: साल खरं, बाकी तपासून घ्या

पॅरिसच्या रू द माँमोरांसीवरच्या 51 नंबरच्या घराचा फोटो फिरतो आहे. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: "1407 सालचं हे पॅरिसमधलं सर्वांत जुनं घर. किमयागार निकोला फ्लामेल इथे राहायचा, परिसाने सोनं करायचा. 600 वर्षं वास्तू जशीच्या तशी." यातलं साल बरोबर आहे.

फ्लामेल इथे राहायचा? नाही. त्याचं बिऱ्हाड सें-जाक-द-ला-बूशरी चर्चजवळ होतं. त्या चर्चचा आता मनोराच उरला आहे. 1397 मध्ये पत्नी पेर्नेल गेली, त्यानंतर दहा वर्षांनी त्याने हे घर दानधर्म म्हणून बांधलं. खाली दुकानं, वर गरिबांसाठी खोल्या, आणि दुकानांच्या भाड्यावर वरचा खर्च. वर राहणाऱ्यांकडून पैशांऐवजी प्रार्थना घ्यायची. ही अट दर्शनी भिंतीवर, तळमजल्याच्या वरच कोरलेली आहे: इथे राहणाऱ्या कष्टकरी बायका-पुरुषांनी रोज 'पातेर नोस्तेर' आणि 'आवे मारिया' या दोन ख्रिस्ती प्रार्थना एकेकदा म्हणून मेलेल्या पाप्यांसाठी क्षमा मागायची. फॉरवर्ड करणाऱ्यांनी फोटो जरा मोठा करून पाहिला असता, तर साल आणि अट दोन्ही तिथेच दिसलं असतं. खालच्या खांबांवर देवदूत आणि फ्लामेलची आद्याक्षरंही आहेत.

सोन्याचं म्हणाल, तर फ्लामेल हस्तलिखितांचा लेखनिक आणि विक्रेता. पेर्नेल दोनदा विधवा झालेली, तिच्याकडे पैसा होता, शिवाय घरभाडी. तो 1418 मध्ये वारला आणि परिसाची कहाणी पसरवणारं, त्याच्या नावावर खपवलेलं पुस्तक छापलं गेलं 1612 मध्ये!

'सर्वांत जुनं' हे उभ्या असलेल्या दगडी राहत्या घरांपुरतं म्हणा, हरकत नाही. पण जवळच रू देझार्शीववर क्लिसों वाड्याचा 14व्या शतकातला दरवाजा उभा आहे. 'सर्वांत जुनं घर' हा मान पूर्वी 3, रू वोल्ता या लाकडी सांगाड्याच्या घराला होता. ते 1300च्या सुमाराचं मानत. 1979 मध्ये कळलं की ते 1644 ते 1654च्या दरम्यान बांधलेलं आहे. लाकडी सांगाडा दिसला की लोक मध्ययुगात पोचतात, तिथेच फसगत होते.

'जशीच्या तशी'ही नाही. दर्शनी भिंतीचा उंच त्रिकोणी माथा ही या घराची ओळख होती, तो कधीच गेला. 1911 पासून ही दर्शनी भिंत संरक्षित आहे, पण तेव्हाही माथा नव्हताच. मूळ काम पाहायचं असेल तर नजर तळमजल्याच्या कोरीव दगडांवर ठेवा.